चार हजारांचा खड्डा

परवा वॉशिंग मशीनवरून घरात वाजलं. कपडे धुऊन झाले की ते मशीन बारीक शिट्टी देतं, असं बायकोचं म्हणणं. मी काही ती बऱ्याच वर्षांत ऐकलेली नाही. माझा समज असा, की मशीन जुनं झालं, त्याचा आवाज गेला. "तू शेजारच्या खुर्चीत पेपर घेऊन बसलेला असतोस आणि ते तुझ्या कानाशी कोकलत असतं," ती म्हणाली. मुलीने लगेच पुरावे जोडायला सुरुवात केली. बाबा टीव्ही मोठा लावतो, भाजीवाल्याने साठ म्हटलं की बाबाला आठ ऐकू येतं आणि तो खूश होऊन दोन जुड्या घेतो, रिक्षात बाबाशी बोलण्यात काही अर्थच नसतो. बहुमत झालं. शनिवारी कान तपासायला गेलो.

ज्यांनी ही तपासणी केली नसेल त्यांना सांगतो, ती फार विचित्र गोष्ट आहे. एका खोलीत आणखी एक छोटी खोली, भिंतींना आतून करड्या फोमचे उंचवटे, एक जाड काच आणि पलीकडे कॉम्प्युटरपुढे बसलेली मुलगी. हातात एक बटण देतात. "काका, आवाज आल्यासारखं नुसतं वाटलं तरी दाबायचं." दार लावून घेतलं आणि मुंबईत कधी वाट्याला न आलेली शांतता झाली. म्हणजे होईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात माझ्याच कानात एक बारीक गुंईऽऽ चालू होतं. आवंढा गिळल्याचा आवाज, मनगटातल्या घड्याळाचा आवाज आणि त्या सगळ्यांवर ते गुंई. त्यातून यंत्राची टूं-टूं वेगळी काढायची. मध्येमध्ये बराच वेळ काहीच येत नव्हतं आणि काचेपलीकडची मुलगी मात्र काही तरी दाबताना दिसत होती. परीक्षेत शेजारचा पुरवणी मागतो तेव्हा पोटात जे होतं, ते झालं.

कागदावर आलेख आला. रेघ डावीकडून बरी चालली होती, चार हजार हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक आवाजांच्या पट्ट्यात, एकदम खाली कोसळली आणि आठ हजारापाशी पुन्हा वर आली. तिने त्या खड्ड्यावर पेन टेकवलं. "काका, कारखान्यात होतात का? प्रेस शॉप वगैरे?" नाही, बँकेत. "मग फटाके, बंदूक?" छे. "डीजेसमोर नाचता का गणपतीत?" बायको मोठ्याने हसली, ते मात्र मला व्यवस्थित ऐकू आलं. वयाने ऐकणं कमी होतं तेव्हा रेघ उताराला लागते आणि उतरतच जाते, असं ती म्हणाली. मध्येच असा खड्डा पडून पुन्हा चढली, तर बहुतेक वेळा मोठ्या आवाजाचं काम असतं. कानाच्या आतल्या शंखातल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या की परत उगवत नाहीत. किती मोठा आवाज किती वेळ सोसावा याचा भिंतीवर तक्ता होता: ८५ डेसिबल, आठ तास. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं.

जिना उतरताना आठवलं. रंगभवन.

नव्वदीच्या मध्यावर आम्ही डोंबिवलीची पोरं कॉलेजात होतो आणि व्ही.टी. अजून व्ही.टी.च होतं. आमच्यातल्या एकाला आम्ही दाढी म्हणायचो, कारण ती त्याला येत नव्हती. दाढीचा मावसभाऊ वांद्र्याला राहायचा, आणि एवढ्या भांडवलावर तो आमच्यात इंग्रजी संगीताचा जाणकार होता. मावसभावाकडून कॅसेट यायच्या, त्यांवरून आमच्या कॅसेट भरल्या जायच्या, त्यांवरून पुढच्यांच्या. माझ्यापर्यंत गाणं पोचेपर्यंत त्यात गिटार कमी आणि खरखर जास्त असायची. शब्द तर मूळ कॅसेटमध्येही कळत नव्हते. मराठी माध्यमातून आलेला मी, गाण्याच्या ओळींच्या जागी कानाला येतील ती अक्षरं म्हणायचो. आमच्या घरात रेडिओवर नाट्यसंगीत आणि रविवारी भीमसेन. वडिलांना माझ्या कॅसेटचा त्रास होत नव्हता, त्यांना ते मशीन बिघडल्याचं लक्षण वाटायचं. एकदा त्यांनी खरंच हेड साफ करायला स्पिरिट आणून दिलं होतं.

तर ऑगस्टात दाढी म्हणाला, आय-रॉकला जायचंय.

इंडिपेन्डन्स रॉक. फरहाद वाडियाने १९८६ मध्ये सुरू केलेला हा रॉक बँडांचा मेळा स्वातंत्र्यदिनाच्या आसपास भरायचा, म्हणजे भर पावसात, आणि तोही उघड्या रंगभवनात. पावसाळ्यात उघड्यावर विजेची वाद्यं वाजवायची ही कल्पना ज्याला सुचली त्याच्याबद्दल मला आजही आदर आहे. धोबीतलावला, झेवियर्सच्या मागे, कामा इस्पितळाला लागून असलेलं ते रंगभवन. सरकारी जागा, सरकारी नाव. १९७८ साली पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ संगीताचा महोत्सव, झाली तेव्हा सनी रोलिन्स तिथे सॅक्सोफोन वाजवून गेला होता, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी सनी रोलिन्स कोण हे दाढीला विचारावं लागलं असतं, आणि त्याने काही तरी ठोकून दिलं असतं.

आदल्या दिवशी फॅशन स्ट्रीटवरून काळा टी-शर्ट घेतला. काळा घेणं महत्त्वाचं होतं. त्याच्यावर कवटी होती, कवटीखाली कुठल्याशा बँडचं नाव होतं, आणि ते अशा काटेरी अक्षरांत होतं की मला वाचता येईना. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका लांब केसवाल्याने माझ्या छातीकडे बघून इंग्रजीत विचारलं, यांचा कुठला अल्बम तुला सगळ्यात आवडतो? मी म्हटलं, "ऑल." त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि बोटांची शिंगं करून दाखवली. त्या मान डोलावण्याने मला जो दिलासा दिला तो पुढे बँकेच्या मुलाखतीत पास झाल्यावरही मिळाला नाही. रांग मोठी मजेची होती. वांद्रा-खारची गिटारवाली पोरं, धोबीतलावचे पारशी, गोव्याहून आलेला एक घोळका, ईशान्येकडची होस्टेलवाली मुलं, आणि मधूनमधून आमच्यासारखे, ठाणे-डोंबिवली-लालबागचे, शर्टाच्या आत टी-शर्ट घालून आलेले आणि दारापाशी शर्ट काढून बॅगेत कोंबणारे.

पहिला ठोका पडला तो कानात पडलाच नाही. मोठ्या ढोलाला पायाने मारतात तो ठोका आधी पोटात बसला, मग छातीत, आणि कान सगळ्यात शेवटी जागे झाले. दाढीने मला ओढत ओढत पुढे नेलं होतं, डाव्या बाजूच्या स्पीकरच्या भिंतीपाशी. त्या काळ्या प्लायवूडला मी हात लावून बघितला. हाताला मुंग्या आल्या. टी-शर्टचं कापड पोटावर फडफडत होतं आणि वारा तर नव्हता. समोरचा मुलगा मान अशी झोडत होता की त्याच्या ओल्या केसांतलं पाणी माझ्या तोंडावर उडत होतं. चिखल, विडी, जनरेटरचं डिझेल आणि भिजलेल्या टी-शर्टांचा कुबट वास, असा सगळा मिळून एक वास होता. अजूनही पावसाळ्यात एखाद्या लग्नाच्या हॉलमागे जनरेटर लागला की मला तिथे क्षणभर उभं राहावंसं वाटतं.

वाजत होतं ते बहुतेक दुसऱ्यांचं. आयर्न मेडन, मेटॅलिका, डीप पर्पल असल्या परदेशी बँडांचं. आपल्याकडच्या बँडांनी स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून ओरडा व्हायचा, हे बंद कर, मेडनचं वाजव. नंतर या गोष्टीवर जाणकारांनी पुष्कळ नाकं मुरडली. पोरांना नक्कल हवी होती, अस्सल नको होतं, वगैरे. मला ते तितकंसं पटत नाही. आयर्न मेडन हिंदुस्थानात पहिल्यांदा आलं ते २००७ साली, बंगळूरला. नव्वदीत ते कधी येतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आमच्याकडे होती ती चौथ्या हाताची खरखरती कॅसेट आणि केबलवर रात्री उशिरा लागणारं एखादं गाणं. ते गाणं समोर, हाडामांसाच्या माणसांनी, पोटात ठोका बसेल अशा आवाजात वाजवलं, तर आम्हाला तेच मूळ होतं. वाजवणारा मालाडचा असला म्हणून काय झालं? उलट मालाडच्या माणसाला हे जमतं, याचंच अप्रूप होतं. मुंबईच्याच रॉक मशीन या बँडने १९८८ मध्येच स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढली होती, १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले. त्यांच्या कॅसेटच्या आतल्या कागदावर गिटारच्या पुढे 'महेश तिनईकर' असं नाव वाचून मी चकित झालो होतो. तिनईकर! आमच्या शाळेत हजेरीपटावर शोभेल असं नाव. तो कागद मी वडिलांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "कोकणातले दिसतात." तेवढ्यापुरतं त्यांचं आणि माझ्या संगीताचं जुळलं.

आणि मग जनरेटर बसला.

पाऊस वाढला होता. स्टेजवर पोरं निळी प्लास्टिकं घेऊन अँप्लिफायर झाकायला धावत होती आणि बँड तरीही वाजवत होता. एकदम सगळं गेलं. गिटारवाल्याचा हात तारांवर चालू होता आणि आवाज शून्य. गायक तोंड उघडून उभा. फक्त ड्रमवाला थांबला नाही. त्याला बहुधा राग आला असावा. तो तसाच, माइकशिवाय, अंधारात झोडत राहिला. इतका वेळ ज्या ठोक्याने आमची आतडी हलत होती तो ठोका आता शेजारच्या घरात पोराने डबे बडवावेत एवढासा झाला होता. इतका लहान! मला आधी हसू आलं, मग काय झालं कोण जाणे, त्याच्यासाठी गळा दाटून आला. हजारो पोरं टाळ्यांवर त्याच्या ठेक्याला धरून राहिली. त्या टाळ्यांच्या फटीतून बाहेरच्या बेस्टच्या बसचा हॉर्न ऐकू आला. मुंबई तिथेच होती, आम्हीच तासभर विसरलो होतो. मी मान वळवली तर झाडांच्या पलीकडे एका इमारतीच्या खिडक्यांत ट्यूबलाइट दिसत होत्या आणि एका खिडकीत कुणी तरी उभं होतं. ते आमच्याकडे बघत होतं की पावसाकडे, एवढ्या लांबून सांगता येत नव्हतं. जनरेटर सुरू झाला, गिटार किंचाळली, मी परत पुढे वळलो.

शेवटच्या कल्याण लोकलमध्ये आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो आणि बाकीचे दोन-चार थकलेले प्रवासी आमच्याकडे खाऊ का गिळू असं बघत होते. कानांना दडे बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कुकर लावला, त्याची शिट्टी मला चाळीच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारखी वाटली. आईचे ओठ हलत होते आणि मी प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होतो. त्यात दळण आणायचंही कबूल केलं गेलं. वडील पेपरमागून म्हणाले, "गाणं ऐकायला गेला होता ना? ऐकू येईनासं होईतो ऐकायचं असतं का?" हे मला ऐकू आलं, कारण ते मुद्दाम मोठ्याने बोलले. संध्याकाळपर्यंत दडे सुटले. रात्री निजताना ते गुंई पहिल्यांदा ऐकू आलं. मी अभिमानाने ऐकत पडून राहिलो. पुढची काही वर्षं ऑगस्टात ही तीर्थयात्रा होत राहिली आणि दडे बसून सुटत राहिले.

वडील गेले त्या वर्षीची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाद्रपद होता. ठाण्यात एका इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर ते होते, आणि खालून विसर्जनाची मिरवणूक चालली होती. खिडक्या बंद केल्या तरी ठोका भिंतीतून येतच होता. टेबलावर स्टीलचं भांडं पाण्याने भरून ठेवलेलं होतं. प्रत्येक ठोक्याला त्या पाण्यावर मध्यापासून काठापर्यंत वलयं उठत होती. वडिलांचा चादरीवरचा हातही त्याच ठेक्यात किंचित उडत होता, हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी डोळे उघडून विचारलं, "कोणाचं लग्न आहे?" मी म्हटलं, "गणपती चाललेत, बाबा." ते म्हणाले, "मग असू दे." त्या 'असू दे'चा मला राग आला. त्यांच्यावर नव्हे, खालच्या पोरांवर. जिन्यापर्यंत गेलो होतो मी, काही तरी बोलायला. गेटपाशी सगळ्यात पुढे नाचणारा पोरगा बघितला. ओला टी-शर्ट, मान झोडत होता, डोळे मिटलेले. मी तसाच परत वर आलो. झाडांपलीकडची ती खिडकी मला त्या रात्री पहिल्यांदा आठवली.

कायद्याच्या हिशोबाने रंगभवन टिकणंच शक्य नव्हतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम तेव्हा सांगत होते, इस्पितळ, शाळा-कॉलेज आणि कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०. यांतलं एक जवळ असलं तरी पुरायचं. रंगभवनाच्या कुशीत तिन्ही होती. इकडे कामा, पलीकडे जी.टी. इस्पितळ, पुढे झेवियर्स आणि हाकेच्या अंतरावर किल्ला कोर्ट. नियम लिहिणाऱ्याने नकाशावर रंगभवन समोर ठेवूनच लिहिला असावा असा संशय यावा. थोड्याच वर्षांत तिथला आवाज बंद झाला, आय-रॉक उपनगरांत गेलं. आमच्या पिढीतले पुष्कळ जण यावर हळहळतात, सह्यांच्या मोहिमाही झाल्या असतील. मी हळहळतो आणि सही करणार नाही. बंद केलं ते योग्यच होतं. फक्त आमचं ऐकून झाल्यावर केलं, हे आमचं नशीब. असं म्हणणं सोयीचं आहे हे मला कळतं, पण दोन्ही खरं आहे त्याला माझा इलाज नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री टीव्हीवर ते नाव पुन्हा ऐकलं. कामाच्या बाजूची गल्ली, रंगभवन गल्ली. करकरे, कामटे, साळसकर. आम्ही जिथे रांगेत उभं राहून शर्ट बॅगेत कोंबायचो त्याच्या आसपासचा रस्ता पडद्यावर दिसत होता, ओळखीचा होता आणि बघवत नव्हता. त्यानंतर रंगभवन म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी ती रात्र आठवते, आणि तसंच व्हायला हवं. आमच्या आठवणीने मागच्या बाकावर बसावं.

मुलगी गेल्या वर्षी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ग्रीन डे ऐकायला गेली. माझ्या कॉलेजच्या दिवसांतला बँड, तिकीट माझ्या त्या वेळच्या वर्षाच्या फीपेक्षा जास्त. मी केमिस्टकडून कानात घालायचे नारिंगी फोमचे बोळे आणून तिच्या बॅगेत टाकले. तिने ते दुसऱ्या दिवशी तसेच, पाकीट न फोडता, टेबलावर आणून ठेवले. काय बोलणार? "पोटात बसतो का ठोका?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "छातीत." बरं म्हटलं.

आलेख मी दाढीला पाठवला. तो आता पुण्यात असतो, दाढी आली आणि पिकलीही. खाली लिहिलं, हे तुझं कर्म, स्पीकरपाशी तू नेलंस. त्याचा फोन आला नाही, आठवड्याने त्याचाही आलेख आला. कंपनीच्या वार्षिक तपासणीतला. सरळ रेघ! चार हजारावर खड्डा नाही, साधा खळगासुद्धा नाही. माझ्यापेक्षा एक हात पुढे उभा असायचा हा, स्पीकरला जवळजवळ मिठी मारून. मी लगेच फोन लावला. तो म्हणाला, तुझा खड्डा लोकलमधल्या वॉकमनचा असणार, माझ्या माथी मारू नकोस. वर म्हणाला, जनरेटर बसला तो आपण गेलो त्याच्या पुढच्या वर्षी, आणि तेव्हा पाऊस नव्हताच, कुणी तरी वायरवर पाय दिला होता. मी म्हटलं, माझ्या तोंडावर केसांतलं पाणी उडत होतं ते काय मग? तो म्हणाला, घाम. अर्धा तास आम्ही भांडलो. शेवटी मी म्हटलं, तुझ्या कंपनीचं ते मशीन बिघडलेलं असणार, दुसरीकडे तपासून घे.

"काय?" तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने.

"काय? अरे, जरा मोठ्याने बोल की!"